शीलाकाकूंचा रुसवा

पालममध्ये लग्नात कुणी रुसलं की शीलाकाकूंना बोलावणं जातं. नवरदेवाचा मामा मांडवातून उठून लिंबाखाली जाऊन बसलाय, चुलत्यानं टोपी फेकलीय, विहीणबाईंनी तोंड फिरवलंय. पोरीच्या बापाला घाम फुटतो आणि गर्दीतून कुणीतरी म्हणतंच, "अहो, गिरणीवाल्या काकूला आणा की!" काकू येतात, पदर खोचतात, रुसलेल्या माणसाशेजारी मांडी घालून बसतात आणि अर्ध्या तासात त्याला पंगतीला आणून बसवतात. त्यांचं एकच सांगणं असतं: बुंदी कमी वाढली म्हणून कुणी रुसत नसतं. ते सांगायचं कारण. खरं कारण पोटात असतं, ते बाहेर काढायचं. आता अशी बाई स्वतःच रुसली तर तिला मनवायचं कुणी? पण तसंच झालं बघा, आणि तेही एका बँडपायी.

काकूंचं वय सत्तावन्न. नवरा गेला त्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून बसस्टँडामागची पिठाची गिरणी त्याच चालवतात. नऊ वर्षांपूर्वी चार पोरं गिटार आणि ड्रम घेऊन गावभर जागा शोधत हिंडत होती. कुणाच्या म्हाताऱ्याला झोप लागेना, कुणाची म्हैस दूध देईना. जिथं जातील तिथून हाकलून दिलं. शेवटी काकू म्हणाल्या, "माझ्या गिरणीच्या मागच्या खोलीत वाजवा. गिरणीपुढं तुमचा आवाज कुणाच्या बापाला ऐकू येतोय!"

पण आला ना ऐकू! गिरणीच्या घरघरीला पुरून उरेल असं काही काकूंनी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं. हरिओम नावाचा काटकुळा पोरगा नरड्याच्या शिरा ताणून गायचा, मागं ड्रम धाडधाड वाजायचा आणि काकू दळण टाकता टाकता मान हलवायच्या. बँडचं नाव पडलं 'काळी बाभूळ'. पोरं पुढं परभणीला गेली, कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये गाजली. पालममध्ये त्यांच्या चाहत्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. त्रेसष्ट मेंबर, सगळी विशी-पंचविशीतली पोरं-पोरी, आणि अॅडमिन कोण, तर शीलाकाकू! त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून त्या व्हॉइस मेसेज टाकायच्या. ऐकणारा मोबाईल कानापासून हातभर लांब धरायचा.

तर झालं काय, यंदा दिवाळीला 'काळी बाभूळ'चं नवं गाणं आलं, 'खिडकीतली जुई'. ना ड्रमचा दणका, ना ओरडणं. हरिओम अगदी कानात कुजबुजल्यासारखा गातोय, मागं बासरी. आठ दिवसांत ते गाणं रिक्षात, सलूनमध्ये, हळदीच्या मांडवात सगळीकडं वाजू लागलं.

ग्रुपवर मात्र गहजब उडाला. मोबाईल दुरुस्तीवाल्या मुंजाजीनं बँडच्या फोटोला हार घालून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. एका पठ्ठ्यानं दंडावर बाभळीचं झाड गोंदवलं होतं. ते पुसायला किती खर्च येतो, म्हणून तो विचारू लागला. एका पोरीनं भीत भीत लिहिलं, 'मला तर आवडलं बाई', तर तिच्यावर सगळे असे तुटून पडले की तिनं ते पुसूनच टाकलं. सगळ्यांवर वरताण काकूंचा मेसेज: "ह्याला गाणं म्हणतेत? लेकराला निजवायलाय का काय? बाभळीला जुई लागली म्हणं! आपलं नाक कापलं पोरांनी. आपुन रुसलो आता, रुसलो म्हंजे रुसलो!"

काकू म्हणाल्या की खलास. फेब्रुवारीत गंगाखेडला बँडचा कार्यक्रम होता. ठरलं असं की सगळ्यांनी जायचं, पण आत पाऊल टाकायचं नाही. फाटकाबाहेर सतरंजी टाकून, स्टेजकडं पाठ करून बसायचं. वरपक्षासारखं.

घरात काकूंची सून अपेक्षा हे सगळं बघत होती. ती भाकरी थापताना तेच गाणं गुणगुणायची आणि काकू काहीच बोलायच्या नाहीत, याचं तिला नवल वाटे. मग एकदा तिनं मागून हाक मारली, "मामी, च्या घेता का?" उत्तर नाही. सासूला मामी म्हणायची त्यांच्याकडं रीत. पुन्हा हाक मारली, तरी नाही. समोर आल्यावर काकू म्हणाल्या, "मग च्या करावं की जरा. कोणी इचारंना झालंय!" अपेक्षाला खुटखुट लागली. पूर्वी काकू गिरणीचा आवाज ऐकून पीठ जाड पडतंय का बारीक, ते सांगायच्या. आता दर दोन मिनिटांनी चिमटीत घेऊन बघत होत्या. पण सासूला असं तोंडावर विचारायचं कसं?

गंगाखेडच्या मैदानावर संध्याकाळी ही गर्दी! पालमहून एस्टीनं चाळीस जण आले होते. फाटकाबाहेर सतरंजीवर मधोमध काकू, बाजूला मुंजाजी, मागं अपेक्षा. आत जाणारे लोक थांबून बघायचे. एका म्हाताऱ्यानं तर विचारलंच, "पाव्हनं, लगीन कुणाचं हाय?"

स्टेजमागं निरोप गेला तसा हरिओम धावत आला. पायाशी बसला. "काकू, चला ना आत. पैल्या रांगीत खुर्ची ठिवलीय तुमची."

काकूंनी तोंड फिरवलं. पहिल्या हाकेला उठायचं नसतं.

"काकू, जुनी चार गाणी आधी म्हणतो. मग तर झालं?"

"आमी कोण? आमचं कशाला ऐकताव!" दुसऱ्या हाकेला असंच म्हणायचं असतं. रुसणारी जाणकार होती.

हरिओमनं पिशवीतून इरकल साडी काढली. पोरानं पहिल्या मोठ्या कमाईतून आणली होती. काकूंनी ती बघितली, मनात गलबलल्या, पण म्हणाल्या, "लुगड्यानं रुसवा जात न्हाई माझा." सतरंजीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. हरिओम रडकुंडीला आला. आत लोक शिट्ट्या मारत होते, आणि हा गडी बाहेर अडकलेला. काकूंना सोडून स्टेजवर चढायला त्याचे पाय उचलेनात.

तो अगदी समोर सरकला आणि त्यांचा हात धरून मोठ्यानं म्हणाला, "काकू, तुमी म्हणाल ते करतो. गाण्यात काय खटकलं तेवढं सांगा. येक वळ सांगा. ती बदलून मगच स्टेजवर चढतो, तुमची शपथ!"

सगळे काकूंच्या तोंडाकडं बघू लागले. मुंजाजी म्हणाला, "सांगा काकू, सांगाच!"

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. एक ओळ आठवेना. आठवणार कुठून? त्यांनी ते गाणं मोबाईल कानाला लावून पन्नास वेळा लावलं होतं, आणि पन्नास वेळा त्यांना फक्त खरखर ऐकू आली होती. दुसऱ्याच्या पोटातलं काढणारी बाई ती, आज तिच्याच पोटातलं बाहेर आलं.

"मला ऐकूच येत न्हाई रे," काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "दोन वर्स झाले. तुमी वरडून गायचे तवा समदं कळायचं. आता तुमी हळू गायलाव, आन् मी येकटीच भायेर ऱ्हायले. सांगावं कुणाला? गिरणीवाली भैरी झाली म्हणल्यावर दळण कोण टाकील? गाणं कसंय मला काय ठावं! मी आपलं म्हणून दिलं, वंगाळ हाय."

पोरांना कळेना कुठं बघावं. मग मुंजाजीनं डोकं खाजवलं. "खरं सांगू का काकू? मीबी पुरं ऐकलं न्हाई. तुमी वंगाळ म्हणलाव म्हणून मीबी हार घातला."

"मी तर निस्ता फोटो बघितला," मागून दुसरा म्हणाला.

"आन् मी गोंदण पुसायला निघालतो की बे!"

दंडावर बाभूळ गोंदवलेला तो पठ्ठ्या असा काही ओरडला की पहिल्यांदा हरिओमला हसू फुटलं, मग सगळ्या सतरंजीला. काकू डोळे पुसता पुसता हसू लागल्या. ती बिचारी पोरगी, जिनं 'आवडलं बाई' लिहून पुसलं होतं, ती उठून उभीच राहिली. "आता बोला! आता बोला की!"

"चला काकू," हरिओमनं पुन्हा एकदा म्हटलं, आणि काकू उठल्या. त्या दिवशी त्यांना स्टेजवरच, ड्रमला चिकटून खुर्ची मिळाली. जुन्या गाण्यांना त्यांनी इरकल खांद्यावर टाकून अशी मान हलवली की पहिल्या रांगेतले लोक बँड सोडून त्यांच्याकडंच बघत होते. नवं गाणं लागलं तेव्हा मात्र त्या हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या.

पुढच्याच आठवड्यात अपेक्षा त्यांना परभणीला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली आणि दोन्ही कानांत मशीन बसवून आली. गिरणी सुरू केली तशा काकू दचकल्या. "अगं बया, ही येवढी वरडती व्हय!" गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. उलट काकूंनी आधीसारखं आवाजावरून "थांब, जाड पडायलंय" म्हटलं, तेव्हा बायकांनाच बरं वाटलं.

रविवारी हरिओम गिटार घेऊन आला. काकूंनी गिरणी बंद केली. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका दारात थांबल्या, मुंजाजी दुकान उघडं टाकून आला, अपेक्षा कणकेच्या हातानंच बाहेर आली. हरिओमनं 'खिडकीतली जुई' पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, एकट्यानं, हळू. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. गाणं संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. हरिओमचा जीव टांगणीला लागला. लाखो लोकांनी वाहवा केलेली, पण त्याला पाहिजे होतं ते इथलं मत.

काकूंनी डोळे उघडले. गाल ओले होते.

"आवाज गोड हाय तुजा," त्या म्हणाल्या. "नऊ वर्स झाले, मला ठावंच नव्हतं. वरडण्यात कळायचंच न्हाई."

हरिओम गिटार बाजूला ठेवून त्यांच्या पाया पडायला वाकला.

"पर शब्द वंगाळच हायेत," काकू पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "म्हणं जुई हासली आन् पाऊस थांबला! फुल हासल्यानं कुठं पाऊस थांबतोय का? येड्या, जरा डोकं लावून लिहीत जा की."

हरिओम पोट धरून हसला. दारातल्या बायका हसल्या, मुंजाजी हसला. दोन वर्षांत पहिल्यांदाच काकूंना आपल्याच माणसांच्या हसण्यातला एकेक आवाज वेगळा ऐकू आला, आणि त्यांचा जीव अगदी सुपाएवढा झाला.

"हासताव काय?" काकू खेकसल्या. "पुन्यांदा म्हण. पैल्यापासून."