एस्प्लनेडवर कानी आलेलं मराठी

मैत्रिणींनो, मंडळाच्या या फिरत्या पत्रात आपण एरवी पाककृती लिहितो. आज मी दुपारी घडलेलं लिहिते.

माझी सुमी सात वर्षांची आहे. ती बोलत नाही आणि मोठा आवाज तिला सोसत नाही. एस्प्लनेडला ट्रामची घंटा वाजली, तशी ती कान दाबून रस्त्यातच बसली आणि किंचाळायला लागली. मीही तिला मिठीत घेऊन खाली बसले. भोवती गर्दी जमली. लोक बंगालीत काहीबाही बोलत होते. यांच्या बदलीमुळे आम्ही नुकतेच इथे आलोय, मला ते फारसं कळत नाही.

तेवढ्यात आपल्यातल्याच एक वहिनी दिसल्या. केवढा धीर आला! मी हाक मारली, "अहो वहिनी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या मुलीचा हात ओढत म्हणाल्या, "चल, तिकडे बघू नकोस."

त्या गर्दीत मला नीट समजलेलं तेवढं एकच वाक्य.

सुमी शांत झाल्यावर आम्ही दोघी चालतच घरी आलो. वहिनींवर माझा राग नाही. काय करावं ते त्यांना सुचलं नसेल. पण काही करायचं नव्हतंच हो, नुसतं माझ्याजवळ उभं राहायचं होतं. तुमच्यापैकी कुणी राहाल का?