ओढ्यावरचा वर्ग

लग्न होऊन आकुर्डीला आले, त्याच वर्षी तिथल्या शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. नववीला निसर्गाच्या समतोलाचा धडा होता. फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप काढून झाले, तरी मुलांचे चेहरे कोरेच. मग एके दिवशी अख्खा वर्ग शाळेमागच्या ओढ्यावर नेला.

वर्गात एक भोयाची मुलगी होती. ओढा नदीला मिळतो तिथे तिचे वडील जाळं टाकत. वर्गात कधी तोंड न उघडणारी ही पोर ओढ्यात उतरली आणि दगडाखालून खेकडी काढून माझ्यासमोर धरली. "बाई, हिच्या पोटाखाली पिल्लं हायेत. बघून घ्या, मग सोडते." सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. त्यानंतर ती पहिल्या बाकावर बसू लागली. सहामाहीला विज्ञानात वर्गात पहिली आली. "मला बी बाई व्हायचंय," असं एकदा मला दारात गाठून म्हणाली आणि लाजून पळाली.

दिवाळीनंतर ओढ्याच्या वरच्या अंगाला एक नवा कारखाना सुरू झाला. ओढ्याचं पाणी आधी तांबूस झालं, मग त्यावर फेस येऊ लागला. एका सकाळी प्रार्थना संपायच्या आतच मुलं धावत आली. "बाई, मासे वर आलेत!"

आम्ही गेलो. पांढऱ्या पोटांनी पाणी झाकून गेलं होतं. फुकटचे मासे म्हणून लोक पाट्या भरत होते आणि त्या भोयाच्या मुलीचे वडील गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडत होते, "खाऊ नका रं, इख हाय त्यात!" कुणी ऐकत नव्हतं. मुलगी काठावर उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

शाळेने कारखान्याची तक्रार करावी, हे सांगायला मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, आपल्या निम्म्या पालकांच्या चुली कारखान्यांवर पेटतात. तुमचे यजमानही कंपनीतच आहेत ना?"

तरी मी आणि तिचे वडील कारखान्याच्या फाटकाशी गेलो. बराच वेळ ताटकळल्यावर एक साहेब बाहेर आले. "वाहतं पाणी आहे, आपोआप स्वच्छ होईल," असं सांगून ते आत गेले. परतताना तिचे वडील एवढंच म्हणाले, "तुमी आलात, लई झालं."

पुढे ती शाळेत यायची थांबली. मी घरी गेले तर आई भांडी पोत्यात भरत होती. "राजगुरुनगरच्या वर माझा भाऊ असतो, भीमेला मासं धरतो. तिकडंच जातोय आमी. हितं काय ऱ्हायलंय?"

"आणि हिची शाळा?"

"तिथं सातवीपत्तूरच हाय, बाई."

हिला माझ्याकडे ठेवा, मी शिकवते, असं मी म्हणाले. दोन खोल्यांचं घर, पण झालं असतं. आईने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी मान खाली घातली. वयात आलेली पोर परक्याच्या घरी कशी ठेवायची, हे त्यांना मला सांगवेना. मुलगी जाळं गुंडाळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाई, ओढा परत नीट हुईल?"

"होईल. वेळ लागेल."

"किती?"

मी जाळ्याचं दुसरं टोक धरलं आणि तिच्याबरोबर गुंडाळू लागले.

दीडेक वर्षाने चिंचवडच्या बाजारात त्यांच्या नात्यातली एक बाई सुकट विकताना भेटली. मुलीचं लग्न झाल्याचं तिने सांगितलं. सासर बरं होतं, माणसं कष्टाळू होती. "तिला तिथं वाचायला काही मिळतं का?" मी विचारलं.

बाई हसली. "वाचून काय करायचंय तिला आता?" आणि ओळखीची म्हणून माझ्या पिशवीत तिने मूठभर सुकट जास्त टाकलं.

घरी आले. यजमान कंपनीत दुसऱ्या शिफ्टला गेले होते. पिशवी तशीच ओट्यावर ठेवून मी बसून राहिले. त्या दिवशी माझ्याकडून चूल पेटवली गेली नाही.