चौदा टेबलांचा एक गट

माझे काका नगरपालिकेचे भांडारपाल होते. नवं सामान घेणं आणि खात्याखात्यांना वाटणं हे त्यांचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे नको झालेलं सामान काढून टाकणं, आणि त्यांचं नाव झालं ते या दुसऱ्या अर्ध्यामुळे.

कचेरीच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड होती. मोडक्या खुर्च्या, वाकलेले दिव्याचे खांब, टाइपरायटर, पाण्याच्या टँकरचे टायर, दवाखान्यातल्या गंजक्या खाटा, सगळं तिथे येऊन पडायचं. “माणूस जायला एक क्षण पुरतो, सरकारी खुर्ची जायला दोन वर्षं लागतात,” असं काका म्हणायचे. आधी ज्या खात्याची वस्तू त्याने ती नको म्हणून लिहून द्यायचं. मग दुसऱ्या कुठल्या खात्याला हवी का ते विचारायचं. कुणालाच नको असली तर समिती येऊन बघणार, शेरा मारणार, किमान किंमत ठरवणार. पुढे वर्तमानपत्रात नोटीस, सामानाचे गट पाडणं, जाहीर लिलाव, आणि ज्याने घेतलं त्याने सात दिवसांत उचलून नेणं.

या प्रत्येक पायरीला एक कलम होतं आणि कलमाला पोटकलम. कुणी काही सांगायला गेलं की काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, “ते ठीक आहे हो, पण पोटकलम बघा.” त्यामुळे कचेरीत त्यांचं नावच पोटकलम पडलं. तोंडावर साहेब, पाठीमागे पोटकलम. काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

नगरपालिकेची टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. शेडमध्ये चाळीस बादल्या लिलावाची वाट बघत पडलेल्या असायच्या आणि घरी काकू गळक्या बादलीला डांबर लावत बसायची. “एवढ्या सामानाचे राखणदार, आणि घरात पाहुण्याला धड खुर्ची नाही,” असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी लिलावात बोली लावायची नाही, असा नियम होता. काकांनी तो इतका मनावर घेतला होता की लिलावाच्या दिवशी काकूला त्या रस्त्याने भाजीलाही जाऊ देत नसत.

एकदा अध्यक्षांना जुन्या सभागृहातलं मोठं सागवानी टेबल हवं होतं. समितीने ‘मोडकं’ असा शेरा मारायचा, किंमत नावापुरती लावायची आणि टेबल त्यांच्या मेव्हण्याने न्यायचं, असं आतल्या आत ठरलं होतं. काकांनी ते टेबल स्वच्छ पुसून फाटकाशीच उभं केलं आणि नोटिशीत ‘सुस्थितीत’ असं लिहिलं. ते एका खानावळवाल्याने नेलं. काकांची बढती अडली, पण गावभर नाव झालं. रस्त्यात लोक थांबून नमस्कार करायला लागले. त्या नमस्कारांची त्यांना सवय लागली, असं मला आता वाटतं.

माझे बाबा त्यांचे थोरले भाऊ. नगरपालिकेच्याच शाळेत ते सुतारकाम शिकवायचे. ज्यांचं पुस्तकात डोकं चालत नाही अशी मुलं त्यांच्याकडे पाठवली जायची आणि बाबा त्यांच्या हातात रंधा द्यायचे. कार्यशाळेतली चौदा टेबलं बाबांनी पहिल्या तुकडीकडूनच बनवून घेतली होती. चार बोटं जाडीच्या फळ्या, एका बाजूला लाकूड आवळून धरायला लोखंडी शिकंजा. बाबा निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि चार वर्षांनी शाळेला ती खोली संगणकांसाठी हवी झाली. चौदाही टेबलं काकांच्या शेडमध्ये येऊन पडली.

दर रविवारी सकाळी काका आमच्याकडे चहाला यायचे. त्या रविवारी बाबांनी कप खाली ठेवला आणि विषय काढला.

“ती टेबलं लिलावात निघणार ना?”

“निघणार. समितीचा शेरा झाला.”

“माझी नऊ मुलं आहेत बघ, अजून हेच काम करतात. भाड्याच्या जागेत, जमिनीवर बसून लाकूड कापतात. एकेक टेबल घेतील म्हणतात. सगळ्यांसमोर बोली लावून, रीतसर. तू फक्त एकेका टेबलाचा वेगळा गट पाड.”

काकांनीही कप खाली ठेवला. “दादा, मी वेगळे गट पाडले की लोक म्हणणार, भावासाठी पाडले.”

“अरे, मला एकही नकोय.”

“तुला नको, तुझ्या मुलांना हवीत. लोकांना काय, सारखंच ते. एकदा का बोट दाखवलं कुणी, की इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.”

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “भाऊजी, आजवर यांनी तुमच्याकडे काही मागितलंय का?”

“वहिनी, म्हणूनच तर अवघड झालंय.”

बाबांनी वाद घातला नाही. “बरं,” एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. मला नोकरीला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात माझ्या शब्दाला थोडं वजन यायला लागलं होतं. मी मध्ये बोलायला हवं होतं. मी कपबशा उचलल्या.

नोटीस आली त्यात ‘लाकडी व लोखंडी निरुपयोगी फर्निचर, एक गट’ एवढीच ओळ होती. चौदा टेबलं, चाळीस गंजकी कपाटं आणि दवाखान्यातल्या खाटा, सगळं मिळून एकच. घ्यायचं तर सगळं घ्यायचं.

लिलावाला मी रजा टाकून गेले. बाबा आले नाहीत. त्यांची नऊ मुलं मात्र आली होती. मुलं म्हणजे तिशी-चाळिशीतले बाप्ये, घडीचे कपडे घालून, एका रांगेत उभी. सगळ्यांनी मिळून अनामत भरली होती. पुढच्या टेबलावरून काका आकडे पुकारत होते. मुलांनी दोनदा बोली वाढवली, मग आपसांत कुजबुजली. एवढी कपाटं न्यायची कुठे, ठेवायची कुठे? त्यांच्याविरुद्ध बोली लावणाऱ्या भंगारवाल्याने तिसऱ्यांदा हात वर केला तेव्हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा, आम्ही त्याला लंबू म्हणायचो, खाली बघत राहिला. काकांनी तीनदा पुकारलं आणि कागदावर लिहिलं. मुलांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

भंगारवाला तिसऱ्या दिवशी माल उचलायला आला. टेबलं शेडच्या दारातून सरळ निघेनात. आत आणताना शाळेच्या शिपायांनी ती कशी वळवली होती ते कुणाला आठवत नव्हतं, आणि भंगारवाल्याला जपून न्यायची गरजही नव्हती. त्याने माणसं लावून शिकंजे उपटून काढले, ते लोखंडात टाकले, आणि फळ्या तिथेच करवतीने आडव्या कापल्या. माल पूर्ण उचलेपर्यंत भांडारपालाने हजर राहून पावती करायची असते. काका सकाळपासून दुपारपर्यंत खुर्ची टाकून बसले होते. दुपारी लंबू धावतपळत आला. भंगारवाल्याकडून एखादं तरी टेबल विकत मिळेल, असं त्याला वाटत होतं. भंगारवाला वाईट माणूस नव्हता. “आधी सांगायचं ना राव, दिलं असतं,” तो म्हणाला. लंबूने एक तुकडा उचलून पाहिला, परत ठेवला आणि काकांना नमस्कार करून गेला. तो नमस्कार घेणं फार जड गेलं, असं काकांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

रविवारचा चहा चालू राहिला. पण आधी दोघं भाऊ कामाच्या गोष्टी करायचे, एकमेकांची टर उडवायचे. आता हवापाणी, गुडघे आणि पाण्याची वेळ, एवढ्यावर निभायला लागलं. काका लवकर उठायचे. बाबा थांबवायचे नाहीत.

वर्षभराने लेखापरीक्षक आले. त्यांनी दहा लिलावांचे कागद चाळले आणि नेमकं याच गटावर बोट ठेवलं. वापरता येण्याजोगी वस्तू आणि भंगार एकत्र करू नये, वेगवेगळे गट पाडावेत, असं पोटकलमच होतं. काकांना लेखी खुलासा द्यावा लागला. कचेरीत लोक हसले. पोटकलम पोटकलमातच अडकले, म्हणाले. मला ती गोष्ट बाहेरून कळली, आणि खरं सांगते, क्षणभर बरंही वाटलं.

पुढच्या रविवारी काका आले ते चपला काढून दारातच उभे राहिले.

“दादा, मला ते कलम माहीत होतं.”

बाबा म्हणाले, “आत तर ये.”

“नाही, ऐक. विसरलो नव्हतो मी. नोटीस लिहिताना डोळ्यांसमोर होतं. वेगळे गट पाडायलाच हवे होते. नियमानेच तुझ्या मुलांना टेबलं मिळाली असती. मी माझ्या नावाला घाबरलो. भावाला नाही म्हणालो, हे लोकांना दिसावं असंही वाटलं असेल. आता काय ते बोल मला.”

बाबांनी त्यांना हात धरून बसवलं. “मलाही माहीत होतं,” ते म्हणाले. “खात्याच्या परीक्षेला तू बसलास तेव्हा रोज पहाटे प्रश्न कोण विचारत होतं? ते सगळं पुस्तक मला पाठ झालं होतं तुझ्यापायी.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“मी कलम दाखवून तुझ्याकडून काम करून घ्यायचं? तुझं तुला आठवेल असं वाटलं.” मग म्हणाले, “नंतर वाटलं, बोलायला हवं होतं. माझाही ताठा होताच. नुकसान पोरांचं झालं.”

आईने चहा आणला. तो कुणी घेतला नाही. दोघेही साठीच्या आसपासचे, आणि शाळेतून तक्रार आल्यासारखे खाली बघत बसले होते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत काकांनी एकही मोघम गट पाडला नाही. शिलाई यंत्रं एकेक करून विकली, वाचनालयाची कपाटं मोजून वेगवेगळी लावली, आणि नोटीस छापली की ती वर्तमानपत्रावर सोडून न देता ज्यांना ती वस्तू उपयोगी पडेल अशांच्या वस्तीत स्वतः जाऊन चिकटवायचे. काहींनी बोट दाखवलं. वरच्या साहेबांनी खुलासा मागितला, काकांनी दिला.

बाबा त्या रविवारनंतर तीन वर्षांनी गेले. साधाच ताप होता, मग तो छातीत उतरला. काका दवाखान्यात रोज त्यांच्या उशाशी बसायचे. निवृत्तीनंतर त्यांनी त्या नऊ जणांची घरं शोधायला सुरुवात केली. पाच सापडली. दोघांनी सुतारकाम कधीच सोडलं होतं; एक टेम्पो चालवत होता, एक पहारेकरी झाला होता. ते टेबलामुळे झालं असं कुणीच म्हणालं नाही, आणि काकांना ते विचारायचं धाडस झालं नाही. एकाने दारातूनच परत पाठवलं. एकाने चहा पाजला आणि पुढच्या लिलावात कपाटं निघणार आहेत का, याची चौकशी केली. लंबूने जमिनीवरून उठून काकांना बसायला स्टूल दिलं आणि स्वतः परत खाली बसून काम करत राहिला. त्याची कंबर धरली होती.

मी एकदा काकांना म्हटलं, “आता किती दिवस मनाला लावून घेणार? बाबांनी तर केव्हाच माफ केलं होतं.”

“केलं होतं ना,” काका म्हणाले. “पण मी वाट बघायचो. म्हटलं, काहीतरी मागेल. साधं एखादं काम सांगेल, कागद आण, दाखला काढून दे, काहीही. तीन वर्षांत त्याने मला एकदाही काही सांगितलं नाही. पेन्शनच्या दाखल्यासाठी स्वतः जाऊन रांगेत उभा राहिला, माझ्याच कचेरीत. मी खिडकीतून बघत होतो.”

“मग गेला का नाहीत बाहेर?”

काकांनी चष्मा काढून पुसला. मग, आज पाणी किती वाजता येणार आहे, असं त्यांनी मला विचारलं.