अव्वा, अक्का आणि तळ्यातलं बेट

आईला आम्ही अव्वा म्हणतो. ती काही महिने लातूरला अक्काकडं राहते, काही महिने नांदेडला माझ्याकडं. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. गुडघ्यांमुळं तिला बस चढवत नाही, म्हणून अक्का तिला गाडी करून अहमदपूरपर्यंत आणते आणि मी आणि माझे यजमान इकडून गाडीनं जातो. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा सांगायचा, तो येईपर्यंत एका डिक्कीतलं सामान दुसऱ्या डिक्कीत टाकायचं. कपड्यांची पिशवी, गोळ्यांचा डबा, तिची उशी. चहा संपला की दोन्ही गाड्या आपापल्या वाटेला.

मागच्या खेपेला आमची ही धावपळ बघत अव्वा बाकावर बसली होती. म्हणाली, “खताची पोती उतरवल्यावानी करून राहिल्यात गं तुम्ही मला.”

अक्का हसली. माझ्या डोक्यातून ते शब्द घरी आल्यावरही जाईनात.

त्याच रस्त्यावर एका फाट्याला निळी पाटी आहे. आत जुनं तळं, तळ्यात बेट, बेटावर पडकी गढी आणि महादेवाचं देऊळ. इतक्या वेळा पाटीसमोरून गेलो, कधी वळलो नव्हतो. मी अक्काला फोन केला. म्हटलं, यावेळी तिथंच भेटू. दिवसभर बसू, सोबत जेवू, मग अव्वाला घेऊन येते.

“तुला फिरायचं सुचून राहिलंय?” अक्का म्हणाली. “आमच्या भांड्याच्या दुकानातला माणूस सोडून गेला. दिवसभर भांडी मीच काढून दाखवते. आन् अव्वा नावेत कशी चढंल?”

“बघू की.”

“तू बघ. माझ्यात आता बघायचं त्राण न्हाई.”

तरी ती नाही म्हणाली नाही. मग रविवार पुढं जाऊ लागले. आधी तिच्या नात्यातलं लग्न आलं, मग माझे शाळेचे पेपर तपासायचे राहिले, मग अव्वालाच ताप आला. प्रत्येक वेळी नव्यानं फोन. धपाटे कोण करणार, दही उन्हात टिकेल का, अव्वाला बसायला खुर्ची कुणी आणायची. संडासाची सोय बघायला माझे यजमान एकदा मोटारसायकलवर जाऊन आले. संडास आहे, पण कुलूप असतं आणि किल्ली नावाड्याकडं असते, अशी बातमी त्यांनी आणली. सहलीला निघायच्या आधीच मी सहलीनं दमून गेले होते.

शेवटी एका रविवारी गेलो. आमच्या मागोमाग अक्काची गाडी आली. अक्का उतरली. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. अव्वा मात्र इरकल नेसून, भस्म लावून टवटवीत. काठावरच्या चिंचेखाली खुर्ची मांडून तिला बसवलं, जेवलो. मग नावाडी विचारायला आला.

अव्वानं नावेकडं पाहिलं आणि मान हलवली. “मी न्हाई चढत. तुमी दोघी जाऊन या.”

“तुझ्यासाठी तर आलो ना!” मी म्हणाले.

“मी जावयासंग बसते. जा म्हणलं ना.”

यजमानांनीही हातानंच जा म्हटलं. आम्ही नावेत बसलो. दोघींच्या मधे अव्वा नाही, असं कितीतरी वर्षांनी घडत होतं. पाणी संथ होतं. बेटावर उतरल्यावर समोर गढीची भिंत होती, तिच्या सावलीत दगडी ओटा. “जरा टेकते,” म्हणून अक्का बसली आणि बसल्या बसल्या आडवी झाली.

“रात्री चार चार वेळा उठवते गं,” ती डोळे मिटून म्हणाली. “उठवते ते उठवते, वर म्हणते, धाकटीकडं बरं होतं.”

“माझ्याकडं असली की म्हणते, मोठीकडं बरं होतं.”

अक्कानं एक डोळा उघडला. “खरं?”

“महादेवाशपथ.”

ती हसायला लागली, आवाज न करता, सगळं अंग हलवत. मीही तिच्या शेजारी लवंडले. दगड गार होता. त्यानंतरचं मला आठवत नाही. नावाड्यानं हाक मारून उठवलं तेव्हा ऊन भिंतीच्या पलीकडं गेलं होतं.

“ताई, शेवटची नाव हाय.”

देवळाकडं नुसते हात जोडून आम्ही परत फिरलो.

काठावर अव्वा पेरू खात बसली होती. “देऊळ कसं हाय?” तिनं विचारलं.

“लई झ्याक,” अक्का म्हणाली.

अव्वानं आमच्या भस्म न लागलेल्या कपाळांकडं पाहिलं, अक्काच्या गालावर उमटलेल्या दगडाच्या वळांकडं पाहिलं. “असंल,” म्हणाली, आणि उरलेला पेरू अक्काच्या हातात दिला.

मग नेहमीसारखंच सामान इकडून तिकडं झालं. फरक एवढाच, की ते हलवेपर्यंत अक्का अव्वाच्या पायाशी बसून राहिली, आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला तरी उठली नाही.

नांदेडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. अव्वाला धरून आत आणलं. घर बदललं की तिला काही दिवस दिशा लागत नाही. उंबऱ्याच्या आत येऊन ती थांबली. “मोरी कोन्या अंगाला हाय गं?”

“डावीकडं,” मी म्हणाले, आणि चपला न काढताच तिला घेऊन गेले.