पितांबरनानांचा उजवा हात

पारोळ्यात दीपचंदशेठच्या जिनिंगमध्ये पितांबरनाना कित्येक वर्षं वीज बनवणारं डिझेल इंजिन चालवत आले होते. दिवे मंदावले की त्यांचा उजवा हात आपसूक तेलाच्या चाकाकडे जायचा. तेल जरा वाढवलं की दिवे पुन्हा लख्ख. मग गावात सरकारी वीज आली, जिनिंगची यंत्रं तिच्यावर चालू लागली आणि इंजिनावर ताडपत्री पडली. शेठनी भंगारवाल्याशी बोलणंही लावलं.

पण अडुसष्टच्या रब्बीत संध्याकाळी खेड्याखेड्यांतले पंप एकदम सुरू होऊ लागले. लांबून आलेली लाईन दमून जायची, गावातले बल्ब निखाऱ्यासारखे लालसर व्हायचे.

"नाना, तुमचं इंजिन लाईनीला जोडून पाहू," वीज मंडळाचे तरुण इंजिनिअर देवरे म्हणाले. "थोडा भार तेही उचलेल."

"बघा," शेठ म्हणाले. "नाही जमलं तर भंगारवाला शुक्रवारी येतोच आहे."

देवरेंनी जोडणी केली. पंप सुरू झाले, बल्ब मंदावला, नानांचा हात चाकाकडे गेला. बल्ब उजळेना. त्यांनी तेल आणखी वाढवलं. इंजिन धापा टाकू लागलं, खटका पडला आणि त्या हिसक्यानं सगळं गाव अंधारात गेलं.

"बठ्ठा गावले अंधारमा बसाडं तुम्ही!" घरी कंदील पेटवत तानुबाई नवऱ्याला म्हणाली. नाना न जेवताच उठले.

सकाळी देवरेंनी समजावलं, "इंजिन एकटं होतं तेव्हा वेग तुमच्या हातात होता. आता ते लाईनीवरच्या इतर वीजयंत्रांच्या ताफ्यात आहे. तेल वाढवलं की वेग वाढत नाही. ते फक्त दुसऱ्यांचा भार अंगावर घेतं."

नाना विचारात पडले. "म्हंजे नवा गोऱ्हानी गत शे. जोडीमा एकलाच वढस आनि तोंडघशी पडस."

"अगदी तेच! आपल्या वाट्याचं ओढायचं, बस."

गुरुवारी संध्याकाळी नानांनी दोन्ही हात पाठीमागे उपरण्यात गुंडाळले. पंप सुरू झाले. बल्ब मंदावला. उपरण्यात बोटं वळवळली. देवरे बल्ब सोडून नानांकडेच बघत होते. इंजिनाचा आवाज जरा जड झाला, त्यानं आपणहून थोडं तेल ओढलं आणि ते तसंच चालत राहिलं. बल्ब सावरला. पहिल्यासारखा लख्ख नव्हे, पण हलेना. रस्त्यापलीकडच्या घरांतही उजेड टिकून होता.

शेठ आत आले. "पितांबर, ताडपत्री कुठंय?"

नानांचा चेहरा पडला. "का, शेठ?"

"उद्या भंगारवाला येईल. त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? ती देऊ."

नानांनी उपरणं सोडलं आणि उजव्या हाताने इंजिनाची पाठ थोपटली.