गळका हौद किती तासांत भरेल?

दहावीला गणितात मी नापास झाले ते एका हौदापायी, असं मी आजही म्हणते. दोनच गुण कमी पडले होते. प्रश्न असा होता: एक नळ हौद सहा तासांत भरतो, खालचा नळ भरलेला हौद बारा तासांत रिकामा करतो, दोन्ही सुरू ठेवले तर हौद किती वेळात भरेल? मी पहिल्याच ओळीत लिहिलं, 'खालचा नळ बंद केला.' आणि उत्तर दिलं, सहा तास.

हसू नका. दुष्काळाची वर्षं होती ती. गावाकडं, पाचोडला, विहीर आटली म्हणून आम्ही शहरात पुंडलिकनगरला राहायला आलो, तर इथं जिकडं तिकडं नवी घरं उठत होती आणि नळाला पाणी चौथ्या दिवशी, तेही तासभर. खालचा नळ कुणी उघडा ठेवला असता तर आईनं त्याला घरात घेतलं नसतं.

वडिलांनी सांगून टाकलं, ऑक्टोबरच्या परीक्षेत पुन्हा नापास झाली तर शिक्षण बंद, लग्न. रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे म्हणाले, म्हणून मी घाबरले.

सर शिकवायचे, हौद एक मानू, म्हणजे एका तासात एक षष्ठांश भरला. मला काही केल्या त्या 'एका'त पाणी दिसेना. एकदा अंगणात वही घेऊन मी अगदी रडकुंडीला आले. आई चौथी शिकलेली. ती आमच्या हौदाच्या चिरेत सिमेंट भरत होती. म्हणाली, "मोठ्यानं वाच." मी वाचलं.

"हौद किती हंड्यांचा?"

"दिलं नाय."

"मग आपणच धरू. बारा हंड्यांचा धर. सहा तासांत बारा, तर तासाला किती?"

"दोन."

"अन् बारा तासांत बारा जातात, तर तासाला?"

"एक."

"दोन आले, एक गेला. तासाला उरला एक. मग बारा हंडे भरायला?"

"बारा तास!" मी वहीकडं बघतच राहिले. "पण आई, खालचा नळ बंद का नाय करायचा?"

"लई शहाणी हायेस. परीक्षेत वाहू दे. घरचं मी बघते."

ऑक्टोबरला तसाच प्रश्न आला, आकडे तेवढे वेगळे. भरायला चार तास, रिकामा व्हायला आठ. खालचा नळ बंद करायला हात शिवशिवत होता. तो आवरला, हौद चोवीस हंड्यांचा धरला आणि पाणी खुशाल वाहू दिलं.

पास झाले. आईनं पहिलं विचारलं, "हौदाचं उत्तर काय आलं होतं?"

"आठ तास."

"आठ तास नळाला पाणी! कुठल्या गल्लीत राहतात गं ही माणसं?"

मी हसता हसता रडायला लागले. वडिलांनी गुणपत्रिका दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडं न बघता आईला विचारलं, "अकरावीला कुठल्या कॉलेजात जायचं म्हणते ही?"