चवीपुरतं

आमच्या गावात भिंती छातीएवढ्याच, त्यामुळे पलीकडचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नाही. मी लसूण सोलत होते आणि शेजारची बोसंगवाली नवऱ्यावर ओरडत होती.

"सरकार फुकट तपासतंय, जायला काय होतं तुम्हाला?"

"गेलं की काहीतरी काढतातच ते. मला काही झालेलं नाही."

"नाही ना? मग पोट धरून कण्हतं कोण, गोठ्यातली गाय?"

तो गेला नाहीच. शेवटी उचलून नेला तेव्हा पोटातला कॅन्सर सगळीकडे पसरला होता. पुढच्या वसंतात डोंगरावर त्याला माती दिली.

ती बोसंगहून लग्न होऊन आली म्हणून बोसंगवाली. ओकबुन हे तिचं खरं नाव फक्त दवाखान्यात पुकारतात. नवरा गेल्यापासून ती तपासणी चुकवत नाही. फुकट तपासणीची पाळी वर्षाआड येते, आणि ते साल संपलं की हुकली. यंदा तिच्याही पोटात जळजळ सुरू झाली होती, अर्धा भात टाकून उठायची. सोल शहरात असलेली लेक फोनवर रडायची. पण बाई शेत आवरल्याशिवाय हलणार नाही. शेत आवरतं नोव्हेंबरात, आणि नोव्हेंबरात आमच्याकडे घरोघर हिवाळ्याची किमची घालतात.

खारवलेल्या कोबीच्या पानांत लाल मसाला भरण्याआधी कुणीतरी चाखून सांगावं लागतं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे बोसंगवाली. तिने मान डोलावल्याशिवाय एकही घर मडकं भरत नाही.

दवाखान्यातल्या नर्सने फोनवर बजावलं होतं, रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, रक्तदाबाची गोळी तेवढी पहाटे घोटभर पाण्याबरोबर. गोळी तिने घेतली. मग बसथांब्याकडे जाताना सरपंचाच्या अंगणातून हाक आली.

"आजी, काही खाल्लंत का?" दवाखान्यात नर्सने विचारलं.

"छे!"

"दातात तिखट दिसतंय."

"ते खाल्लेलं नाही. चाखलेलं आहे."

तपासणी न होताच आली परत. "खाणं म्हणजे भात," असं वर मलाच ऐकवलं.

दुसऱ्या खेपेला काय केलं असेल? मसाल्याचं पान चावून थुंकली, आणि नर्सला ते मोठ्या कौतुकाने सांगितलं. पुन्हा परत. आता तारीख मिळाली ती साल संपायला आलं तेव्हाची, शेवटचीच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिचा हात धरून मी तिला तशीच डॉक्टरसमोर उभी केली.

डॉक्टर तरुण होता, पण बोलला नीट. "आजी, नळीतून मला पोटाची आतली कातडी बघायची असते. एवढ्याशा पानाखालीही जखम झाकून जाते. शिवाय झोपेच्या औषधात उलटी झाली तर ती श्वासात जाते. थुंकलं तरी रस पोटात उतरतोच."

"मग हे आधी सांगायचं की!"

"सांगितलं होतं, आजी," नर्स म्हणाली.

"खाऊ नका एवढंच सांगितलंत. का ते कुठे सांगितलंत?"

 

त्या तारखेपर्यंत मी माझी किमची अडवून धरली. सून चिडली, "सगळ्या गावाची मडकी भरली, आई. त्यांच्यासाठी आपण बर्फ पडेपर्यंत थांबायचं?" थांबायचं, म्हटलं. त्या सकाळी धुतलेला कोबी अंगणात निथळत ठेवला, बायकांना बसवून ठेवलं आणि बसमध्ये बोसंगवालीला खिडकीशी कोंबून स्वतः वाटेकडच्या बाजूला बसले. कुणी एक शेंगदाणाही पुढे केला असता तर मी हात मोडला असता.

नळी आत गेली, बाहेर आली. डॉक्टर म्हणाला, "सूज आहे, वाईट काही नाही. गोळ्या घ्या. खारट-तिखट कमी करा. घशाला भूल आहे, तासभर काही तोंडात घालू नका."

दवाखान्याच्या पायरीवर ती टेकली. "एवढंच होतं," म्हणाली. "यायचं, उपाशी झोपायचं. एवढंही झालं नाही त्या माणसाकडून."

मी तिच्या हातात रुमाल दिला.

परत आलो तेव्हा माझ्या अंगणात बायका ताटकळत होत्या. बोसंगवालीने बाह्या वर केल्या.

"तास झाला का गं, ताई?"

"झाला. पण डॉक्टर काय म्हणाला ते..."

तिने कोबीचं कोवळं पान तोडलं, मसाल्यात घोळवलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "अजून मूठभर घाला."